राईतला नकार

"लोखंडाचं जे काय असंल, ते हितंच ठिवायचं," असे गुंडू गुरवाने हलक्या आवाजात सांगितले. माझे मामा शिदोजीराव यांनी छत्री करवंदीच्या जाळीला टांगली. पाठोपाठ कनवटीचा अडकित्ता निघाला, किल्ल्यांचा जुडगा निघाला, चुन्याची डबी निघाली. गुरवाने माझ्या खिशातील पेनाकडे बोट दाखविले, तेव्हा मी तेही काढून दिले. पळसाच्या पानांवर हा सारा संसार मांडून झाल्यावर मामा गुरवाच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "धोतराची गाठ तेवढी सुताची हाय. ती ऱ्हाऊ दे का?"

गुरव हसला नाही. जानाईच्या राईच्या वेशीवर हसण्याची पद्धत नसावी, असे मला त्या वेळी वाटले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. वडील लहानपणीच निवर्तल्यामुळे मी बाजारगावी पिठाच्या गिरणीवर कामास राहिलो होतो. आमचे मूळ गाव घोटवली. घोटवलीच्या समोर, ओढा ओलांडून डोंगराच्या कुशीत आडनेर नावाचे गाव आहे. दोन्ही गावांच्या मधोमध, परंतु आडनेरच्या हद्दीत, जानाईची राई, म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान, उभी आहे. त्या राईत आम्ही मार्गशीर्षातील एका सकाळी ज्या कामासाठी गेलो होतो, ते काम म्हणजे नकार ऐकून घेणे हे होते.

आडनेरच्या केरबा आण्णांची मुलगी हौसा दर बाजाराच्या दिवशी नाचणी दळावयास गिरणीवर येत असे. पीठ जाडसर पाहिजे, असा तिचा आग्रह असे, आणि ते जाडसर झाले नाही म्हणून ती माझ्याशी भांडत असे. ते भांडण उभयतांना इतके आवडू लागले, की पुढे पीठ मनासारखे झाले तरी ती भांडण्यासाठी थांबू लागली. मी घोटवलीचा आहे, हे तिला कळले तेव्हा तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि त्या दिवशी ती भांडलीच नाही. कारण आडनेर आणि घोटवली या गावांत सोयरीक होत नव्हती. आमचा समाज एक, देवक आड येत नव्हते, शेतीवाडी सारखीच. आड येत होता तो एक दगड.

तो दगड राईत होता. राईत एक पडके देऊळ आहे आणि त्याच्यापुढे एक वीरगळ उभा आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला उभा पाषाण. आडनेरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली, की तो वीर आडनेरचा. घोटवलीच्या लोकांनी एका रात्री आडनेरची गुरे पळविण्यास घाला घातला, त्या वेळी हा एकटा आडवा झाला आणि मारला गेला. दर माघी पौर्णिमेला आडनेरचे लोक वीराला नैवेद्य दाखवीत आणि गावचा मानकरी सर्वांदेखत म्हणे, "घोटवलीची लेक आणणार न्हाई, घोटवलीला लेक देणार न्हाई." ही शपथ दरसाल नव्याने घेतली जाई. आणि त्या काळी आडनेरचे मानकरी होते खुद्द केरबा आण्णा.

मामांनी मध्यस्थामार्फत मागणी घातली, तेव्हा आण्णांचा निरोप आला, की राईत या. त्या निरोपाचा अर्थ दोन्ही गावांना ठाऊक होता. ज्याला नाही म्हणावयाचे आणि तरी त्याचा अपमान करावयाचा नाही, त्याला आडनेरकर राईत बोलावीत. राईत आवाज चढवावयाचा नाही असा दंडक आहे. त्यामुळे तेथे नकार देणाऱ्याला ओरडता येत नाही आणि घेणाऱ्यालाही. मुलीलाही बरोबर आणावे लागे, म्हणजे मला कुणी सांगितलेच नाही, असे तिने पुढे म्हणू नये.

"नकार तो नकार," मामा वाटेत म्हणाले होते. "त्यो घरच्या ओसरीवर मिळाला असता तर निदान च्या तरी मिळाला असता."

आत पाऊल टाकताच उजेड एकदम हिरवा झाला. बाहेर पठारावर थंडीतले स्वच्छ ऊन होते. आत मात्र जांभूळ, हिरडा, अंजनी आणि आंब्याचे जुनाट वृक्ष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे उभे होते, आणि त्यांच्यावरून माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली या झाडावरून त्या झाडावर गेल्या होत्या. पायाखाली पाचोळ्याचा थर इतका मऊ होता, की आपण चालतो आहोत याचा आपल्यालाच पत्ता लागू नये. त्या राईतून वाळके पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. पडलेले लाकूड तेथेच कुजते. जमिनीला माणसाने हात लावावयाचा नाही, कुदळ-पहार तर दूरच राहिली. वर कोठेतरी धनेशाच्या पंखांचा घरघर आवाज झाला. एक शेकरू फांदीवर उलटे लटकून काहीतरी कुरतडत होते. आम्हांला पाहून ते पळाले नाही, उलट आम्हीच आगंतुक आहोत अशा नजरेने ते पाहत राहिले. दाटीत एक भेकर क्षणभर उभे दिसले आणि पाने न हलविता नाहीसे झाले.

मी स्वतः नकार ऐकण्यास निघालो होतो, तरी त्या शांततेने माझे मन निवले, हे मला प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

पडक्या देवळाचे घडीव चिरे झाडांच्या मुळांनी उचलून धरले होते. छप्पर कधीच गेले होते. गाभाऱ्यात जानाईचा तांदळा, म्हणजे बिनघडीव पाषाण, शेंदराने तेवढा उजळ दिसत होता. पलीकडे पायऱ्यांचे एक लहानसे कुंड होते. त्याच्या काठावर केरबा आण्णा उकिडवे बसले होते. उंच, कोरडे, काळेसावळे गृहस्थ. सारा जन्म गुरांमागे गेल्यामुळे त्यांच्या खांद्यावर काठी नसतानाही ती आहे असे वाटे. हौसा त्यांच्या मागे मातीचे मडके घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग मडक्याकडे पाहू लागली.

रामराम झाला, तोही कुजबुजीत. आण्णांनी वाट कशी होती, दव लागले का, अशी चौकशी केली. मामांनी वाट फार चांगली असल्याचे सांगितले आणि चुना बाहेर राहिला आहे, एवढेच दुःख असल्याचे सांगितले. तेवढ्यात पुढे गेलेला गुरव वीरगळापाशी थबकला आणि त्याने हाताने खूण करून आम्हांस बोलावले.

वीरगळाच्या पायथ्याशी जमीन उकरली गेली होती. रानडुकरांचा कळप रात्री कंदमुळांसाठी येऊन गेला असावा. खुरांच्या खुणा ताज्या होत्या आणि काळी ओली माती चहूकडे उधळली होती. हा वीरगळ आजपर्यंत जेमतेम कमरेइतका वर दिसे. पानगळीने आणि मातीने तो वर्षानुवर्षे बुडत गेला होता, आणि माती काढण्याची कुणाला परवानगी नसल्याने त्याचा खालचा भाग हयात माणसांपैकी कुणी पाहिलेला नव्हता. सर्वांत वर वीर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला होता. त्याच्याखाली दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेत होत्या. त्याखालची कथा लोक तोंडाने सांगत. आता त्याखाली आणखी एक चौकट उघडी पडली होती, परंतु चिखलाने पूर्ण माखलेली.

गुरव मोठ्या पेचात सापडला. माती परत लोटावी तर जमिनीला हात लावल्याचा दोष, तशीच ठेवावी तर वीराचे अंग उघडे. त्याने आण्णांना विचारले. आण्णांनी विचार केला आणि सांगितले, की डुकरे जानाईचीच आहेत, तिच्या लेकरांनी उकरले त्यात आपण पडू नये.

तेव्हा हौसा पहिल्यांदा बोलली. "हात लावायचा न्हाई, पर आंघूळ घालायला बंदी न्हाई. दर पुनवंला घालतोच की."

आण्णांनी गुरवाकडे पाहिले, गुरवाने आण्णांकडे पाहिले, आणि यात दोष काढता येईना. हौसा कुंडाच्या पायऱ्या उतरून मडके भरून आली आणि तिने वीराच्या मस्तकावरून पाणी सोडले. ते वरच्या दोन चौकटींवरून ओघळत खाली आले आणि चिखल सुटू लागला. ती पुन्हा भरून आली. हळूहळू एक पाय दिसला, मग तलवार धरलेला हात, मग वीराचा सबंध देह. तो आवेशाने उभा होता. त्याच्या पाठीमागे दोन गायी होत्या. समोर दोन माणसे तिरकमठे ताणून उभी होती, आणि एक बाण वीराच्या छातीत शिरलेला होता. तिरकमठेवाल्यांच्या पायांशी मात्र चिखलाचा जाड लपका अजून घट्ट चिकटून होता.

इतक्या पिढ्या ऐकलेली हकिगत अशी डोळ्यांपुढे येईल, हे कुणाला अपेक्षित नव्हते. आण्णांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे मी पाहिले.

"बगा पाव्हणं," ते मामांना म्हणाले, "जे ऐकत आलो त्येच हाय. गुरं मागं आन् आमचा माणूस आडवा."

माझ्या मनात जी काही आशा होती ती तेथे संपली. तोवर मी स्वतःला समजावीत होतो, की दंतकथा ही दंतकथाच असते. आता तर दगडच साक्षीला उभा राहिला होता.

मग आण्णांनी नकार दिला. तो इतक्या सभ्यपणे दिला, की तसा होकारही पुष्कळांना देता येत नाही. ते म्हणाले, "तुमच्या घराला नाव ठिवायला जागा न्हाई. पोरगा कष्टाचा हाय, आन् माज्या पोरीचं मन बी मला ठावं हाय. पर माझा बा गेल्यापास्नं ह्या दगडाम्होरं मी सोता बोलत आलोय. त्ये दुसऱ्याचं बोलणं असतं तर मोडलं असतं. माज्या तोंडचं हाय. त्ये मला मोडवत न्हाई."

मामांचा स्वभाव गप्प बसण्याचा नव्हता. त्यांनी कुजबुजत, परंतु अतिशय स्पष्ट उच्चारांत विचारले, की एवढ्या जुन्या गुरांचा राग अजून किती दिवस धरावयाचा आहे. "आमच्या गोठ्यात येऊन बगा आण्णा. त्यातलं एक बी शिल्लक असलं तर दावं सोडून घिऊन जावा." आण्णा त्यावर रागावले नाहीत. राग गुरांचा नसून माणसाचा आहे, असे ते म्हणाले. मामांनी विचारले, की माणूस तुमचा मेला हे खरे, पण तो या पोराने मारला काय? आण्णांनी मान खाली घातली आणि नाही म्हटले. ती सर्व शब्दांची झटापट इतक्या हलक्या आवाजात चालली होती, की दुरून पाहणाऱ्याला दोन म्हातारे देवापुढे जप करीत आहेत असेच वाटले असते. अखेरीस मामांनी टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "चल राघू. ऐकायला आलो होतो, ऐकलं."

मी हौसाकडे पाहिले. ती रडत नव्हती. तिच्या हातातील मडक्यात अद्याप पाणी होते. राईतले पाणीसुद्धा राईबाहेर नेत नाहीत, म्हणून ते तेथेच ओतणे भाग होते. तिने ते देवाला घालावे तसे घातले नाही. ज्या बाजूला तिरकमठेवाले उभे होते त्या कोपऱ्यावर तिने मडके एकदम उपडे केले आणि आमच्याकडे पाठ फिरवली. आम्ही दोघे वळलो आणि चालू लागलो. आमच्या मागे पाण्याबरोबर चिखलाचा तो लपका पडल्याचा थप्प असा आवाज आला. मी मागे वळून पाहिले नाही.

आम्ही पडक्या देवळाच्या पलीकडे पोहोचलो असू, तोच मागून आण्णांचा आवाज आला.

"थांबा वाईच."

मामा थांबले. ते मला म्हणाले, की काही राहिले असेल बोलायचे, ऐकून घेऊ. आम्ही परत आलो तेव्हा आण्णा वीरगळापुढे गुडघ्यांवर बसले होते. नाक जवळ जवळ दगडाला लागेल इतके ते वाकले होते. त्यांनी बोट पुढे केले, परंतु दगडाला लावले नाही.

"हितं वासरू हाय," ते म्हणाले.

खरोखरच होते. तिरकमठेवाल्यांच्या पायांशी, त्यांच्या पावलांना बिलगून, एक लहानसे वासरू कोरलेले होते. पाय फाकलेले, जेमतेम उभे राहता येणारे. मामांनी ते पाहिले, मीही पाहिले, आणि वासरू आहे यापलीकडे आम्हांला त्यात काहीही दिसले नाही. गुरव तर म्हणाला, की कारागिराने जागा मोकळी दिसली म्हणून घातले असेल.

आण्णांनी मान हलविली. पुढचे ते सावकाश बोलले, एकेक शब्द घशातून ओढून काढावा तसे. "ही मागची गाय बगा. कास भरल्याली हाय. तान्ही हाय. मान मागं वळवून वासराकडं बगतीया, तोंड उघडं हाय, हंबरतीया. आन् वासरू कुटं हाय? ह्यांच्यापाशी."

"मग?" मामांनी विचारले.

"पाव्हणं, म्या लहानपणी गाय चोरीला गेल्याली बगितलीया. चोर गाय दाव्याला धरून पळवतो. चार दिसांचं वासरू पळत न्हाई, म्हणून ते टाकून जातो. वासरू ऱ्हातं ते गाईच्या धन्याच्या गोठ्यात." ते थांबले. "हे तिरकमठेवाले घाला घालाय आल्यालं न्हाईत. ह्ये धनी हाईत. पाठलाग करत आल्यालं. गाय त्यांची. आमचाच माणूस ती घिऊन निगाला हुता."

सर्वांत आधी गुरव भानावर आला. त्याने आण्णांचा दंड धरला आणि अजीजीने सांगितले, की आण्णा, असे बोलू नका, वीर आपला आहे, दगड जुना आहे, झीज झालेली आहे, वासरू काय कुठेही उभे राहील. त्याचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. आण्णा गप्प बसले असते तर आम्ही केव्हाच राईबाहेर पडून छत्री-अडकित्ता गोळा करीत असतो. आम्हां घोटवलीकरांना त्या चित्रातून हा अर्थ सात जन्मांत काढता आला नसता.

आण्णांनी गुरवाचा हात बाजूला केला. "ज्यानं कोरलं त्याला लाज वाटली न्हाई," ते म्हणाले. "त्याला वाटली असती तर त्यानं वासरू कोरलंच नसतं. त्या काळात तसं करण्यात पराक्रम असंल. मला त्यावर काय बोलायचं न्हाई. पर उलटं तरी सांगू नगा."

मग ते उठले, त्यांनी गुडघ्यांवरची माती तेथेच झाडली आणि मामांपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी डोक्याचा फेटा सारखा केला. "मगाशी तुम्ही मागायला आला हुता आन् म्या न्हाई म्हणालो. आता म्या इचारतो. गाय नेणाऱ्याच्या गावची लेक तुमी घ्याल का?"

मामांना मी पुरता ओळखत होतो. आयुष्यात अशी संधी त्यांना प्रथमच लाभली होती, आणि ती ते इतक्या सहजासहजी हातची जाऊ देणार नव्हते. त्यांनी झाडांकडे पाहिले, कुंडाकडे पाहिले, वीराकडे तर फारच आदराने पाहिले.

"इचार करावा लागंल," ते म्हणाले.

आण्णांनी मान डोलावली. तो त्यांचा हक्कच आहे, असे ते म्हणाले. हौसाने मामांकडे अशा दृष्टीने पाहिले, की पीठ बारीक झाल्यावर माझ्याकडेही तिने कधी तसे पाहिले नव्हते. आण्णा माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारले, की गिरणीवाले, तुमचे काय म्हणणे आहे?

मी वाचन करणारा मनुष्य. वाचनालयातून आणलेली कितीतरी पुस्तके मी गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटात वाचून संपविली होती. अशा प्रसंगी काय बोलावे, याची कितीतरी सुंदर वाक्ये मला पाठ होती. त्यांतले एकही मला आठवले नाही. मी म्हणालो, "मला गाईतलं काही कळत नाही. मला हौसा पाहिजे!"

आणि ते मी ओरडून म्हणालो. माझा आवाज त्या झाडांतून असा घुमला, की वरून धनेशांची जोडी घरघर करीत उडाली, शेकरू फांदीवरून फांदीवर पळत सुटले, आणि गुंडू गुरवाने दोन्ही हात कानांवर ठेवले. पुढे कित्येक वर्षे आडनेरमध्ये माझी ओळख राईत ओरडलेला जावई अशीच करून दिली जात असे.

"झाला इचार," मामा लगेच म्हणाले. "आमचं व्हय हाय." मग मात्र ते गंभीर झाले. त्यांनी आण्णांना जवळ घेतले आणि समजावून सांगितले, की हे गावात बोलू नका. डुकरांनी उकरले ते पावसाळ्यात पुन्हा बुजेल. माणूस मेलेला आहे, गाव त्याला मानते, त्याचे नाव राहू द्या. सोयरीक आपण दुसऱ्या कोणत्या तरी निमित्ताने जमवू, देवीने कौल दिला असे सांगू. मामांच्या अंगी असा मनाचा मोठेपणा असेल अशी मला कल्पना नव्हती.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "सगळ्यास्नी आणून दावणार."

त्यांनी तसेच केले. पुढचे सारे सुखाने झाले असे मात्र कुणी समजू नये. आडनेरमध्ये दोन तट पडले. काही म्हणाले, आण्णांनी लेकीपायी गावचा वीर विकला. काही घरांनी त्यांच्याकडे येणे-जाणे बंद केले. आण्णा कुणाशी भांडले नाहीत. ज्याला शंका असेल त्याला ते राईत नेत, वीरापुढे बसवीत आणि स्वतः एक शब्दही न बोलता बाजूला उभे राहत. ज्यांच्या घरी गुरे होती ते बहुतेक मुकाट्याने परत येत. माघी पौर्णिमेला गावाने नैवेद्य दाखविला, वीराला आंघोळ घातली, आणि शपथेची वेळ आली तेव्हा आण्णा उभे राहून म्हणाले, की यापुढे हे वाक्य ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे, माझे तोंड उघडत नाही. कुणीच पुढे आले नाही. वैशाखात आमचे लग्न झाले. घोटवलीच्या वऱ्हाडाला आडनेरने जेवण वाढले. जिलेबी संपली म्हणून थोडा वाद झाला, परंतु तो त्याच वर्षीचा होता, पिढ्यांचा नव्हता.

पावसाळ्यात ती चौकट पुन्हा मातीखाली गेली. आज कुणी जानाईच्या राईत गेले तर त्याला पूजा करणारा वीर दिसेल, अप्सरा दिसतील. गाय आणि वासरू दिसणार नाही. आम्ही उभयतां कधी कधी जातो. झाडे तशीच आहेत. शेकरांची कितवी पिढी आहे कोण जाणे, परंतु आगंतुकाकडे पाहण्याची नजर त्यांनी सोडलेली नाही.

एक प्रश्न मात्र मला पुष्कळ वर्षे छळीत होता, आणि तो विचारण्याचे धैर्य मला आण्णा अगदी वृद्ध झाल्यावर आले. ते आमच्याकडे बाजारगावी मुक्कामास आले होते. दुपारची वेळ होती, ते दारात बसून नातीसाठी वाल सोलत होते. मी म्हणालो, "आण्णा, त्या दिवशी आम्ही निघालो होतो. तुमचा शब्द राहिला होता. वासरू आम्हाला दिसलं नव्हतं, आणि दिसलं तरी कळलं नसतं. मग तुम्ही आम्हाला हाक का मारली?"

हातातली शेंग सोलून झाली, दाणे पाटीत पडले.

"तुम्ही पाठ फिरवली तवा मला बरं वाटलं हुतं," ते म्हणाले. "जिंकल्यासारखं. आन् तेवढ्यात ते वासरू दिसलं. म्हणलं, आता गप ऱ्हायलो तर ह्यांची गाय दुसऱ्यांदा जाईल. आन् ह्या वेळेला नेणारा मी असंन."

आत चुलीपाशी हौसा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी त्यातली गाय मी व्हय?" तिने आतून विचारले.

आण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. मग ते माझ्याकडे वालाची पाटी सरकवून म्हणाले, "जावायबापू, आता तुमी सोला," आणि हसत हसत काठी शोधू लागले.